उरल्यासुरल्या हवेतला उजेड

घरातला दिवा लागेनासा झाला की वायरमन खिशातून टेस्टर काढतो आणि सॉकेटच्या भोकात टेकवतो. मुठीतला दाण्याएवढा दिवा नारिंगी उजळला की करंट येतोय हे कळते. त्या इवल्याशा काचेच्या दिव्यात जो वायू असतो, तोच वायू हौशी मंडळी घरी जुळवतात त्या निक्सी घड्याळातही असतो. जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हसारखी काचेची नळी, तिच्यात एकामागे एक उभे केलेले शून्य ते नऊ असे तारेसारखे बारीक आकडे आणि वीज ज्या आकड्याला मिळेल त्याच्याभोवती धगधगणारा नारिंगी उजेड! मोबाइलच्या पडद्यावर कोट्यवधी रंग दिसत असतानाही या एका रंगाचे वेड अनेकांना सुटत नाही.

हा रंग माणसाने पहिल्यांदा पाहिला तो जून १८९८ मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या प्रयोगशाळेत. पाहणारे दोघे होते. एक सर विल्यम रॅम्से आणि दुसरे त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स. इतरांनी किरकोळ म्हणून सोडून दिलेल्या अवशेषाकडे नीट पाहायचे, ही रॅम्से यांची आयुष्यभराची सवय. त्या सवयीने त्यांना नोबेल पारितोषिक मिळवून दिले आणि ती सैल पडली तेव्हा जगासमोर फजितीही केली.

विल्यम रॅम्से यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५२ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. वडील स्थापत्य अभियंता, काका अँड्र्यू रॅम्से नावाजलेले भूवैज्ञानिक. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. फुटबॉल खेळताना पाय मोडून विल्यम अंथरुणाला खिळला असताना शोभेची दारू कशी करतात हे शोधण्यासाठी त्याने रसायनशास्त्राचे पुस्तक हाती घेतले आणि तिथूनच ओढ लागली, असे सांगितले जाते. ग्लासगोत शिक्षण झाल्यावर तो जर्मनीत ट्यूबिंगेनला गेला आणि १८७२ मध्ये, विसाव्या वर्षाच्या आतच, डॉक्टरेट घेऊन परतला.

विद्यार्थिदशेतच त्यांनी आणखी एक विद्या आत्मसात केली होती, ती काच फुंकण्याची. त्या काळी प्रयोगाला लागणारी उपकरणे दुकानात तयार मिळत नसत. नळी तापवायची, वळवायची, तिला फुगा आणायचा, तिच्यात धातूची तार बसवून तोंड असे बंद करायचे की आत हवेचा कणही शिरू नये, हे सारे रॅम्से स्वतः करत. पुढे सहकाऱ्यांमध्ये त्यांच्या या हातोटीचा लौकिक झाला. वायूंवर काम करणाऱ्याला ती फार मोलाची होती, कारण वायू घनसेंटिमीटरमध्ये मोजायचा असेल तर काचेतली सुईएवढी फटही सगळी मेहनत वाया घालवते.

१८८० मध्ये ते ब्रिस्टलच्या कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढच्याच वर्षी प्राचार्य. त्याच सुमारास मार्गारेट ब्यूकॅनन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८८७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. तोवर एक जाणता, कष्टाळू प्राध्यापक एवढीच त्यांची ओळख होती. चाळिशी ओलांडल्यावर मात्र चित्र पालटले.

निमित्त झाले एका न जुळणाऱ्या हिशेबाचे. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली नायट्रोजनची घनता काटेकोरपणे मोजत होते. हवेतून ऑक्सिजन, बाष्प, कार्बन डायऑक्साइड काढून टाकल्यावर उरलेल्या नायट्रोजनचे वजन लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम भरे. अमोनियासारख्या रसायनांपासून तयार केलेला नायट्रोजन मात्र सुमारे १.२५१ ग्रॅमच भरे. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या कुणी तो मापनातली चूक म्हणून सोडून दिला असता. रेली यांनी तो १८९२ मध्ये जाहीर करून रसायनशास्त्रज्ञांचे मत मागितले. १८९४ च्या वसंतात रेली यांचे या विषयावरचे व्याख्यान ऐकून रॅम्से कामाला लागले.

त्यांची रीत सोपी होती, पण ती चिकाटीची कसोटी पाहणारी होती. तापलेले मॅग्नेशियम नायट्रोजनला शोषून घेते. रॅम्से यांनी हवेतला नायट्रोजन अशा मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा फिरवला. वायू कमी कमी होत गेला आणि शेवटी मूळच्या सुमारे ऐंशीव्या भागाएवढा वायू असा उरला, की तो काही केल्या शोषला जाईना. काचेच्या नळीत भरून त्यातून वीज सोडल्यावर त्याच्या वर्णपटात लाल आणि हिरव्या रंगांच्या अशा रेषा दिसल्या, ज्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याच्या नव्हत्या.

गंमत म्हणजे हा वायू शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाच्या हाती येऊन गेला होता. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांना हवेच्या प्रयोगात शेवटी एक लहानसा बुडबुडा उरतो असे आढळले होते. त्यांनी प्रामाणिकपणे त्याची नोंद केली, पण पुढे कोणी त्याच्या मागे लागले नाही. रेली आणि रॅम्से यांनी ऑगस्ट १८९४ मध्ये नव्या वायूची घोषणा केली. तो कशाशीच संयोग पावत नाही म्हणून आळशी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला आरगॉन हे नाव मिळाले. सर्वांत आक्रमक मूलद्रव्य म्हणजे फ्लोरीन. ते प्रथम वेगळे करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ आन्री म्वासाँ यांच्याकडे रॅम्से यांनी थोडा आरगॉन धाडला. फ्लोरीनपुढेही तो ढिम्म राहिला. आवर्त सारणीचे जनक मेंडेलीव्ह यांना मात्र सुरुवातीला हे पटले नाही. हे नायट्रोजनचेच तीन अणूंचे रूप असावे, असा त्यांचा अंदाज होता. आपण श्वासावाटे आत घेतो त्या हवेत जवळपास एक टक्का आरगॉन असतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून जास्त. तरीही १८९४ पर्यंत तो कोणाला ठाऊक नव्हता.

पुढचा शोध कोकणातल्या वाचकांना जवळचा वाटेल. १८ ऑगस्ट १८६८ रोजीचे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले होते. ते पाहण्यासाठी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन आंध्रातल्या गुंटूरला आले होते. विजयदुर्ग किल्ल्यावरच्या साहेबाच्या ओट्यांची आठवणही याच ग्रहणाशी जोडली जाते आणि तिथे १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेष पाहिली. ती सोडियमच्या रेषांच्या जवळ असली तरी सोडियमची नव्हती. सूर्यावर एक अज्ञात मूलद्रव्य असावे असे मानून त्याला हेलियम म्हणण्यात आले. पृथ्वीवर ते कोणाला सापडले नव्हते आणि अनेकांचा त्यावर विश्वासही नव्हता.

इथेही दुसऱ्याने सोडलेला धागा रॅम्से यांनी उचलला. विल्यम हिलब्रँड या अमेरिकी रसायनतज्ज्ञाला युरेनियमचे खनिज आम्लात उकळताना एक निष्क्रिय वायू मिळाला होता आणि त्याने तो नायट्रोजन समजला होता. हा आरगॉन तर नसेल, या शंकेने रॅम्से यांनी मार्च १८९५ मध्ये क्लीव्हाइट नावाचे खनिज आणून तोच प्रयोग केला. वायू नळीत भरला, वीज सोडली आणि समोर आली एक झगझगीत पिवळी रेष. विल्यम क्रुक्स यांनी तिची जागा मोजली. ती सूर्यातल्या हेलियमचीच होती. स्वीडनमध्येही त्याच सुमारास दोघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे हेलियम वेगळा केला. आज रुग्णालयातल्या एमआरआय यंत्राचे चुंबक थंड ठेवते ते याच मूलद्रव्याचे द्रवरूप.

आरगॉन आणि हेलियम यांना आवर्त सारणीत बसवायचे तर एक नवा स्तंभच उघडावा लागत होता आणि त्या स्तंभात रिकाम्या जागा दिसत होत्या. हेलियम आणि आरगॉन यांच्या मधे एक मूलद्रव्य असलेच पाहिजे, असा रॅम्से यांचा तर्क होता. दोन वर्षे ते आणि ट्रॅव्हर्स यांनी खनिजे तापवून पाहिली, उल्का तापवून पाहिल्या, झऱ्यांतले वायू तपासले. हाती काही लागले नाही. शेवटी ते जिथून सुरुवात झाली होती त्या हवेकडेच वळले.

विल्यम हॅम्पसन यांनी हवेचा द्रव करणारे यंत्र तयार केले होते. त्यांच्याकडून मे १८९८ मध्ये द्रवरूप हवा मिळाली. रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी ती हळूहळू उडू दिली आणि तळाशी जे थोडे उरले ते तपासले. त्यात मिळाला क्रिप्टॉन. नंतर त्यांनी हवेतून मिळवलेला आरगॉन द्रवरूप केला आणि या खेपेस उलट दिशेने पाहिले. सर्वांत आधी उडून जाणारा अंश वेगळा धरला. तो नळीत भरून इंडक्शन कॉइलमधून वीज सोडताच नळी लालभडक पेटली. वर्णपटदर्शकातून पाहण्याआधीच दोघांना उमगले, की हे काहीतरी निराळे आहे. रॅम्से यांच्या तेरा वर्षांच्या मुलाने नवा या अर्थाचा लॅटिन शब्द सुचवला. वडिलांनी त्याच अर्थाचा ग्रीक शब्द घेतला आणि वायूचे नाव पडले निऑन. जुलैमध्ये झेनॉनही सापडला. दीड-दोन महिन्यांत तीन नवी मूलद्रव्ये मिळाली आणि तीही सर्वांच्या नाकासमोरच्या हवेतून!

निऑन हवेत दहा लाख भागांत जेमतेम अठरा भाग असतो. एक लिटर निऑनसाठी पंचावन्न हजार लिटरहून अधिक हवा गाळावी लागते. पण त्याचा गुण असा, की कमी दाबाखाली काचेत बंद करून पुरेसा विद्युतदाब दिला की तो सहज पेटतो. आतले मोकळे इलेक्ट्रॉन वेगाने धावत निऑनच्या अणूंवर आदळतात, अणू ती ऊर्जा क्षणभर धरून ठेवतात आणि लाल-नारिंगी प्रकाशाच्या रूपाने सोडतात. तार तापून लाल होण्याचा इथे संबंध नाही, म्हणून नळी हाताला फारशी गरम लागत नाही.

१९०० च्या अखेरीस रॅम्से भारतात आले. मुंबईचे उद्योगपती जमशेटजी टाटा यांनी संशोधन संस्थेसाठी मुंबईतल्या आपल्या इमारती आणि जमिनी देऊ केल्या होत्या. संस्था कुठे आणि कशी असावी, याचा सल्ला देण्यासाठी रॅम्से यांना बोलावण्यात आले. सुमारे दहा आठवडे देशभर हिंडून त्यांनी बंगळूरची शिफारस केली. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना त्यांचा आराखडा रुचला नाही, दुसरी समिती नेमली गेली आणि काम रेंगाळले. १९०४ मध्ये जमशेटजींचे निधन झाले. संस्था पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९०९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स उभी राहिली ती बंगळूरलाच आणि तिचे पहिले संचालक होते निऑनची पहिली लाली पाहणारे मॉरिस ट्रॅव्हर्स.

१९०४ मध्येच रॅम्से यांना रसायनशास्त्राचे आणि रेली यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर रॅम्से किरणोत्सर्गाकडे वळले होते. १९०३ मध्ये फ्रेडरिक सॉडी यांच्यासह त्यांनी दाखवले, की रेडियममधून निघणाऱ्या वायूपासून हेलियम तयार होतो. एका मूलद्रव्यातून दुसरे निर्माण होते, याचा हा ठोस पुरावा होता. पुढे रॉबर्ट व्हिटलॉ-ग्रे यांच्यासह त्यांनी त्याच वायूचे, म्हणजे आजच्या रेडॉनचे, वजन केले. हाती असलेला वायू एका घनमिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी होता. त्यासाठी ग्रॅमच्या अब्जांश भागांना प्रतिसाद देणारा तराजू त्यांना बनवावा लागला.

पण याच काळात त्यांचा पाय घसरला. रेडियमच्या वायूमुळे तांब्याचे रूपांतर लिथियममध्ये होते, असे त्यांनी १९०७ मध्ये जाहीर केले. दावा खळबळजनक होता. मारी क्युरी आणि एलेन ग्लेडिश यांनी तो पडताळताना काचेची भांडी बाजूला ठेवून प्लॅटिनमची वापरली. लिथियम सापडले नाही. ते तांब्यातून नव्हे, तर काचेतून आले होते. दुसऱ्यांच्या हिशेबात उरलेल्या कणांतून ज्यांनी मूलद्रव्ये शोधली, त्यांना स्वतःच्या भांड्यातून आलेला कण ओळखता आला नाही. ज्या काचेवर त्यांची हुकमत होती तिनेच दगा दिला. या चुकीने आधीचे शोध पुसले गेले नाहीत. मात्र अतिसूक्ष्म प्रमाणात काम करताना भांडेही संशयित धरावे लागते, हा धडा रसायनशास्त्राला मिळाला. रक्तातल्या शिशाचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळा आज तोच पाळतात.

काळजी घेण्याची रीत आणखी एका बाबतीत त्या पिढीला ठाऊक नव्हती. रेडियम आणि त्याचा वायू उघड्या हातांनी, साध्या खोलीत हाताळला जाई. रेडॉन श्वासातून आत गेल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे पुढे खाणकामगारांच्या अभ्यासातून सिद्ध झाले आणि आज जागतिक आरोग्य संघटना घरांतल्या रेडॉनबद्दलही सावध करते. रॅम्से १९१२ च्या सुमारास निवृत्त झाले आणि गावाकडच्या घरी छोटी प्रयोगशाळा थाटून काम करत राहिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांना नाकाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया आणि उपचारांचा उपयोग झाला नाही. २३ जुलै १९१६ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, हाय विकम येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच निऑन रस्त्यावर आला होता. फ्रान्समध्ये जॉर्ज क्लोद मोठ्या प्रमाणावर द्रवरूप हवा तयार करत आणि त्यात निऑन आपसूक उरे. त्या उरलेल्या निऑनच्या लांब नळ्या त्यांनी डिसेंबर १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात पेटवल्या. पुढे जगभरच्या दुकानांच्या पाट्या त्याच उजेडाने झळकल्या. १९१७ मध्ये अमेरिकेत डॅनियल मूर यांनी निऑनचा छोटा दिवा केला. आपल्या टेस्टरमधला दिवा त्याच घराण्यातला. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या बरोज कंपनीने आकडे दाखवणारी नळी निक्सी या नावाने बाजारात आणली. मोजमापाची यंत्रे आणि कॅल्क्युलेटर यांत ती वीसेक वर्षे मिरवली. मग एलईडी आणि इतर स्वस्त पडदे आले आणि ती मागे पडली. सोव्हिएत संघातल्या कारखान्यांत मात्र तिचे उत्पादन आणखी बरीच वर्षे चालू राहिले. गोदामांत पडून राहिलेला तोच माल आज हौशी घड्याळजींच्या हाती येतो.

निक्सी घड्याळ जुळवणारा माणूस नकळत रॅम्से यांचाच प्रयोग पुन्हा करत असतो. बंद काच, विरळ निऑन, धातूची अग्रे आणि भरपूर विद्युतदाब. प्रत्येक आकडा हा एक ऋणाग्र, समोरची बारीक जाळी हा धनाग्र. नळी पेटायला साधारण १७० व्होल्ट लागतात, पण प्रवाह मात्र दोन-तीन मिलीअँपिअरच पुरतो. म्हणून बारा व्होल्टच्या अडॅप्टरमधून दाब वाढवणारे छोटे सर्किट बांधावे लागते. वायू एकदा पेटला की त्याचा विरोध एकदम घटतो आणि प्रवाह बेलगाम वाढू लागतो. त्याला आवरण्यासाठी वाटेत रेझिस्टर हवाच. टेस्टरच्या मुठीतही दिव्याबरोबर असाच मोठा रेझिस्टर असतो आणि त्यामुळेच टेस्टर धरणाऱ्याला झटका बसत नाही.

या छंदात जपायचे ते इथेच. १७० व्होल्टचा झटका गमतीचा नसतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असू शकतो. तो रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने खात्री करून मगच सर्किटला हात लावावा आणि चालू सर्किटची मापे एकाच हाताने घ्यावीत. बऱ्याच निक्सी नळ्यांत आयुष्य वाढावे म्हणून चिमूटभर पारा असतो. नळी फुटलीच तर खिडक्या उघडाव्यात, मुलांना दूर ठेवावे आणि काचा झाडूने न झाडता हातमोजे घालून, जाड कागदाने गोळा कराव्यात.

या नळीची आणखी एक खोड आहे. काही आकडे फार दिवस पेटले नाहीत, तर शेजारच्या पेटत्या आकड्यांचे उडालेले धातूचे कण त्यांच्यावर साचतात आणि मग ते अर्धवटच उजळतात. म्हणून जाणकार लोक घड्याळात अशी सोय करतात, की मध्यरात्री घरचे झोपेत असताना प्रत्येक नळीतले शून्यापासून नऊपर्यंतचे सगळे आकडे काही मिनिटे पाळीपाळीने पेटतात. न लागणाऱ्या आकड्यांकडेही रोज लक्ष द्यावे लागते, तरच घड्याळ नीट चालते.